कडुबा जॉइंटरची वायर

भीमजयंतीच्या तोंडावर घर रंगवायला काढलं होतं. जिन्यातल्या भिंतीचे पोपडे खरवडताना रंगाऱ्याच्या पत्र्याखाली वरच्या खोलीत जाणारी इंटरनेटची वायर आली आणि तुटली. रंगारी ओशाळला. कडुबा खाली ओट्यावर पेपर वाचत बसले होते, ते उठून आले, तुटलेलं टोक चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "तू तुझा रंग मार गड्या. हे माझं काम हाय."

त्यांचंच काम होतं ते. भावसिंगपुऱ्याच्या त्या गल्लीत त्यांना अजूनही कडुबा जॉइंटर म्हणत. देवगाव रंगारीहून तरणेपणी शहरात आले ते टेलिफोनच्या केबलसाठी नाल्या खणायला, रोजंदारीवर. नालीच्या काठावर बसून ते आतल्या जॉइंटरचे, तारा जोडणाऱ्याचे, हात बघत. पुंजाराम नावाचा एक वयस्क जॉइंटर होता, त्यानं या पोराची नजर हेरली आणि दुपारच्या सुट्टीत त्याला तारांच्या जोड्यांचे रंग क्रमानं शिकवले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. नाली खणता खणता कडुबा ते रंग पुटपुटत राहायचे. पुढं खात्यात कायम झाले. उन्हातान्हात रस्त्याकडेच्या खड्ड्यात, वर ताडपत्री बांधून, केसांच्या जटेसारखा तारांचा गुंता मांडीवर घेऊन बसायचे आणि एकेक जोडी जुळवून उठायचे. शहरातल्या कितीतरी घरांत पहिला टेलिफोन वाजला तो त्यांनी बांधलेल्या जोडावरून. इंटरनेट आलं तेव्हा खात्यानं प्रशिक्षण दिलं. आठ तारांचा प्लग, त्याचा वेगळा क्रम. तोही ते शिकले. मग सरकारनं मुदतीआधी घरी जायची सवलत काढली, बरोबरीचे सगळे गेले, तेही गेले.

मोनाली त्यांची एकुलती एक लेक, त्यांना आबा म्हणायची. लासूर स्टेशनला दिली होती. नवऱ्याशी पटलं नाही. एका पावसाळ्यात ती दोन बॅगा घेऊन परत आली, तेव्हा आबांनी तिला काही विचारलं नाही. गच्चीवर एक खोली बांधली आणि तिच्यापर्यंत वायर टाकून दिली. त्या वायरीवर मोनालीची नोकरी चालायची. देशभरातली मुलं आपापल्या घरी बसून संगणकावर परीक्षा देत आणि मोनाली इथं वरच्या खोलीत बसून कॅमेऱ्यातून त्यांच्यावर पहारा करी. पडद्यावर एका वेळी बारा-पंधरा चेहरे. कुणाची नजर भलतीकडे गेली, कुणाच्या खोलीत दुसरं माणूस आलं, की तिनं नोंद करायची. कंपनीच्या अटी कडक होत्या. पहारा करणारीच्या खोलीत दुसरं कोणी नको, आणि नेट वायफायवरचं चालणार नाही, वायरीचंच पाहिजे. चित्र मधे थांबता कामा नये.

रंगकाम उरकलं. आबांनी बाजारातून नवी वायर आणली, जिन्यातून वर नेली, दोन्ही टोकांना प्लग बसवले. वर्षानुवर्षांच्या सवयीनं दोन्ही प्लगांवर मागच्या बाजूनं काळी टेप घट्ट गुंडाळली. मग तारा तपासायचा टेस्टर लावून मोनालीला हाक मारली. टेस्टरचे आठही दिवे एकामागून एक लागत गेले. ते दिवे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून वरच्या खोलीतलं नेट बसलं.

आधी मोनालीला वाटलं, जयंतीची गर्दी आहे, सगळं शहर मोबाइलवर आहे. मग वाटलं, कंपनीकडूनच कमी येतंय. दोनशे एमबीपीएसचं कनेक्शन होतं आणि तिच्या संगणकावर जेमतेम आठ-नऊ यायचे, तेही धड टिकायचे नाहीत. पडद्यावरचे चेहरे चालता चालता गोठायचे. तिनं संगणक बंद करून चालू केला, राउटर बंद करून चालू केला, वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. कंपनीच्या नंबरवर फोन करून करून तिथल्या मुलींचे आवाज ओळखू यायला लागले. दरवेळी त्या सांगायच्या, आमच्याकडून तर पूर्ण जातंय मॅडम.

शेवटी त्यांनी नईमला पाठवलं. हा बेगमपुऱ्याचा, तिशीतला, कंपनीचा लाइनमन. आबांना चांगला ओळखायचा आणि चाचा म्हणायचा. त्यानं खाली राउटरला आपला लॅपटॉप लावला आणि सगळं नेट धो धो आलं. वर जाऊन तोच लॅपटॉप आबांच्या वायरीला लावला, तर आठ. मोनालीचा संगणक बरा होता, त्याची छोटी वायर बरी होती, राउटरच्या खाचा बऱ्या होत्या. नईम जिन्यात उभा राहून वायरीकडे बघत राहिला.

"चाचा, खाली पूरा आ रहा, वर पोचत नाय. मधलंच काहीतरी है. दोन्ही प्लग एकदा नवे मारून बघू का?"

आबांनी टेस्टर आणला, त्याच्यासमोर लावला. आठही दिवे लागले.

"दिसलं?" ते म्हणाले. "माझ्या जोडाला हात लावायचा नाय."

नईमनं मोनालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. आबांच्या जोडावर कुणी बोट ठेवावं असं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. नईम लॅपटॉप आवरून गेला. दुपारी आबांनी आपणहून दोन्ही प्लग कापले, नवे बसवले, टेप गुंडाळली. दिवे लागले. नेट तसंच राहिलं.

त्याच दिवसांत दुसऱ्याही काही गोष्टी घडत होत्या, पण त्या मोनालीनं नेटशी कधी जोडून पाहिल्या नाहीत. दूध आणायला गेलेले आबा रिकाम्या हातानं परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, पुंजाराम ड्यूटीवर आला का. पुंजारामला जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. आईनं, पारूबाईनं, पटकन त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय बदलला. आई हे फार सराईतपणे करायला लागली होती. त्यांचं वाक्य अडलं की ती पुरं करायची, त्यांच्या सदऱ्याचं बटण चुकलं की जाता जाता नीट लावायची. मोनाली वर असायची, पंधरा अनोळखी मुलांच्या डोळ्यांकडे बघत. घरातले डोळे तिच्या नजरेतून निसटले.

जूनमध्ये परीक्षांचा हंगाम भरात आला. नर्सिंगच्या प्रवेशाची एक परीक्षा होती. मोनालीच्या पडद्यावर एक मुलगी होती, मागं पत्र्याची भिंत, तिच्यावर दिनदर्शिका. परीक्षा निम्मी झाली असताना मोनालीकडचं सगळं चित्र थांबलं. परत आलं, परत थांबलं. पहारा तुटला तर त्या परीक्षार्थीचा पेपर आपोआप बंद पडावा अशी ती व्यवस्था होती. चित्र परत जिवंत झालं तेव्हा ती मुलगी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगत होती, हात जोडत होती. आवाज येत नव्हता. मग तीही गोठली, तोंडावर हात धरलेली. मोनालीनं वायर हलवली, दाबली, काढून पुन्हा घातली. मुलगी तशीच राहिली.

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. त्या परीक्षार्थीची तक्रार होती, आणि मोनालीच्या बाजूनं संपर्क तुटल्याच्या नोंदी एप्रिलपासूनच्या होत्या. नेट सुधारल्याचं दाखवेपर्यंत तिला काम मिळणार नव्हतं. त्या मुलीचं पुढं काय झालं ते विचारायची सोय नव्हती.

मोनाली त्या दिवशी बाजारातून तयार वायर घेऊन आली. प्लग कारखान्यातच लावलेले, लांबच लांब वेटोळं. राउटरपासून जिन्यावरून, पायऱ्यांवरूनच ती वर ओढत नेली आणि संगणकात घातली. नेट पूर्ण आलं. एकशे नव्वदच्या वर. आबा तिच्यामागोमाग वर येऊन दारात उभे होते. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "वायर खोटी दिली त्यानं. तांब्याच्या नावावर अॅल्युमिनियम. हल्ली लई चालतंय असं."

आणि ते वायर उपसायला लागले. भिंतीवरच्या क्लिपा उचकटत, नव्या रंगाचे टवके पाडत, त्यांनी ती सगळी ओढून काढली, गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि चपला घातल्या. पारूबाईनं मोनालीचा हात धरला. "एकट्याला जाऊ देऊ नको," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतली भीती मोनालीला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

दुकान पैठण गेटजवळ होतं. भर दुपारची गर्दी. आबांनी वेटोळं काउंटरवर टाकलं आणि गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराला बोलायला सुरुवात केली. चाळीस वर्षं तांबं हाताळलंय, मला फसवतो का, असं. दुकानदार चाळिशीचा शांत माणूस होता. त्यानं वायर मधे कापली, एक तार सोलली, नखानं खरवडली, आबांच्या तळहातावर ठेवली. आतपर्यंत तांबं होतं. आबा ती तार उलटीसुलटी करत राहिले. तेवढ्यात दुकानदारानं एका टोकाची काळी टेप सोडवली. खालचा प्लग पारदर्शक होता. त्यानं तो उजेडात धरला, मग दुसऱ्या टोकाचाही धरला.

"काका, हे कुणी बसवलं?"

"म्या."

दुकानदारानं आवाज खाली आणला. "हा टेलिफोनचा क्रम आहे काका. निळा आधी, मग नारिंगी, हिरवा, तपकिरी. नेटला हा चालत नाही. दोन्हीकडे एकसारखंच बसवलंय म्हणून तारा सगळ्या पोचतात आणि दिवे लागतात. पण नेटची एकेक जोडी एकाच पिळातल्या दोन तारांवर पाहिजे. इथं जोड्या फुटल्यात. हिची तार तिच्या पिळात गेली, की एकीचं दुसरीत घुसतं आणि सगळा गोंधळ."

आबा हसले. असं त्यांनी हसायला नको होतं, असं मोनालीला वाटलं. "मला नेटचा क्रम सांगतो का? आण इकडं."

दुकानदारानं नवा प्लग आणि वायरीचा तुकडा पुढं ठेवला. आबांनी दातानं वेष्टण सोललं, आठ तारांचे पीळ उलगडले, अंगठ्यानं सरळ केल्या. पांढरी-नारिंगी पहिली. नारिंगी दुसरी. पांढरी-हिरवी तिसरी. मग त्यांचा हात थांबला. बोट हिरवीवर गेलं, तिथून उठलं, निळीवर गेलं, परत हिरवीवर आलं. मागं उभं असलेलं गिऱ्हाईक घाई करत होतं, त्याला दुकानदारानं हातानंच थांबवलं. मोनालीला पुढचा रंग ठाऊक होता. गेल्या काही आठवड्यांत तिनं मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की तो क्रम तिला झोपेतही आला असता. ती बोलली नाही. आबांनी सगळ्या तारा परत मोकळ्या केल्या, पुन्हा सरळ केल्या आणि यावेळी न अडखळता लावल्या. निळा आधी.

लावून झाल्यावर त्यांनी प्लगकडे पाहिलं. मग दुकानदाराकडे. मग तो प्लग त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला, वेटोळं तिथंच सोडलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

परतताना ते स्कूटीवर मागं बसले. क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिच्या खांद्यामागून म्हणाले, "मोने, मला दोन्ही येत होते गं."

"व्हय आबा," ती म्हणाली.

घाटीतल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर बाईंनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी गोल सुरेख काढला आणि सगळे आकडे एका बाजूला कोंबले. आजचा वार विचारला, तो चुकला. खात्यात पहिली नेमणूक कुठं होती ते विचारलं, तर खड्ड्याची खोली आणि केबलची जाडी यांसकट सांगितलं. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. बाईंनी मोनालीला बाजूला घेऊन सांगितलं, की हे बरं होणारं दुखणं नाही. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल. नंतर शिकलेलं आधी जातं, आधी शिकलेलं बरेच दिवस मागं राहतं. घरी कळलं नव्हतं का, त्यांनी विचारलं. पारूबाई बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. तिला दोन वर्षांपासून कळलं होतं.

आबांनी स्वतःहून विचारल्याशिवाय त्यांना सांगायचं नाही, असं मायलेकींनी ठरवलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विचारलं. मोनालीनं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, समोरून शाळेच्या रिक्षा जात होत्या. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "जयंतीपासून म्या आनखी कुणाकुणाच्या घरी हात लावलाय?"

मोनालीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. निवृत्तीनंतर गल्लीत, ओळखीपाळखीत कुणाचं नेट बिघडलं, वायर वाढवायची झाली, की लोक आबांना बोलवत. ते एका चहावर करून देत. त्यांना स्वतःला आठवेना. पारूबाईला सगळं आठवत होतं. ते बाहेर पडले की कुठं चालले हे ती विचारून ठेवायची, परत यायला उशीर झाला तर कुठं शोधायचं म्हणून. साळूबाईचं दुकान. धम्मपालचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र. आणि समर्थनगरचे श्रीनिवासराव.

"नईमला बोलव," आबा म्हणाले. "म्या येतो संगं. मलाच सांगायला पाहिजे."

मोनालीनं त्यांना नको म्हटलं. नईम गुपचूप बदलून देईल, कुणाला कळायचं कारण नाही, म्हणाली. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा मागितला.

साळूबाईच्या दुकानात सोपं गेलं. तिथं कॅमेऱ्याची वायर होती. ऐकून ती म्हणाली, मला वाटलंच, कॅमेऱ्यात सगळी माणसं मुंग्यांसारखी तुटक चालतात. तिनं चहा केला आणि आबांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. धम्मपालकडे मात्र रांग लागलेली होती. शिष्यवृत्तीचे फॉर्म चालू होते. आबांनी सगळ्यांसमोरच सांगितलं, की ही वायर मी चुकीची बांधली, माझं डोकं आता धड नाही. धम्मपालनं खुर्ची मागं सारली. महिनाभर पोरं फॉर्म न भरता परत गेली, ती चौकातल्या दुसऱ्या केंद्रात जायला लागली ती परत आली नाहीत, असं तो म्हणाला. काम होत नव्हतं तर हात कशाला लावला, असंही म्हणाला. आबा हात जोडून उभे राहिले. नईमनं दोन्ही प्लग बदलले. निघताना धम्मपालनं आबांना जय भीम केला, पण मान वर केली नाही.

समर्थनगरला जाईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. श्रीनिवासराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडचा पहिला टेलिफोन आबांनीच लावलेला, तेव्हापासूनची ओळख. घरात नवरा-बायको दोघंच. मुलगा मंदार ऑस्ट्रेलियात. यमुनाबाई आजारी पडल्या तशी त्यांची खाट आतल्या खोलीत हलवली. तिथं वायफाय पोचत नव्हतं आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मुलाशी बोलायला मोठा पडदा आणि संगणक मांडला. त्याच्यापर्यंतची वायर मे महिन्यात आबांनी टाकून दिली होती. यमुनाबाई जूनअखेरीस गेल्या. आबा तेव्हा भेटायला येऊन गेले होते, पारूबाईबरोबर.

श्रीनिवासरावांनी तिघांना दिवाणखान्यात बसायला सांगितलं. आबा बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, सकाळपासून तिसऱ्यांदा, आणि या वेळी शब्द शोधायला त्यांना जास्त वेळ लागला.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी कंपनीला दोष देत होतो," ते म्हणाले. "पार भांडलो त्यांच्याशी." मग थोड्या वेळानं, "मंदार बोलायचा आणि मधेच थांबायचा. तोंड उघडं तसंच. ती मला विचारायची, काय म्हणाला तो. मला कुठं ऐकू आलेलं असायचं? मी आपलं काहीतरी सांगायचो. बरा आहे म्हणतोय. लवकर येतोय म्हणतोय." त्यांनी चष्मा परत हातात घेतला. "तो काय म्हणत होता ते त्यालाही आता आठवत नाही. मी विचारलं होतं."

आबांनी हात जोडले. श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते नईमला म्हणाले, आतल्या खोलीत आहे, करून टाका. आता त्याचा काही उपयोग नाही, पण करून टाका.

नईम आत गेला. प्लग कापल्याचा आवाज आला. मोनालीला वाटत होतं, आता उठावं, आबांना घेऊन निघावं. श्रीनिवासराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा कठीण झाला होता, आणि तो का होऊ नये, असं तिला वाटलं. आपल्या बापाला या माणसानं माफ करावं, असं मागायचा तिला काय हक्क होता?

आबा हळूच सोफ्याच्या कडेवर टेकले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दमलेल्या माणसाची, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाची नजर.

"वहिनी कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. "दिसत नाहीत आज."

मोनाली पुढं झाली, काहीतरी बोलणार होती. श्रीनिवासरावांनी मान वळवली. त्यांनी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं एखादं अवघड अक्षर लावून वाचावं तसं. मग मोनालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"बाहेर गेलीय," श्रीनिवासराव म्हणाले. "येईल इतक्यात. पाणी घ्या कडुबा."

ते स्वतः उठले, आत जाऊन तांब्याभांडं घेऊन आले आणि आबांच्या हातात भांडं दिलं. आबा पाणी प्याले. वहिनींना नमस्कार सांगा म्हणाले. सांगतो, श्रीनिवासराव म्हणाले. फाटकापर्यंत पोचवायला मात्र ते आले नाहीत.

मोनालीला ती नोकरी परत मिळाली नाही. नेट सुधारल्याचं तिनं कळवलं, पण तोवर तिच्या जागी दुसरी बसली होती. मिळाली असती तरी तिला ती फार दिवस करता आली नसती. दिवाळीच्या आसपास आबा एकटे बाहेर पडून हरवायला लागले, आणि दार बंद करून पंधरा चेहऱ्यांवर नजर ठेवत बसणं शक्य राहिलं नाही. आता ती सिडकोतल्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दुपारी घरी फोन करते. आई उचलते. आबा जेवले का, झोपले का, एवढंच विचारते. पारूबाईनं ओट्याच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली आहे आणि स्वतः आत आबांजवळ बसून राहते. कडी शेजारीण लावते आणि शेजारीण काढते.

आबा मोनालीला अजून ओळखतात, पण कधी कधी तिला आक्का म्हणतात. आक्का त्यांची थोरली बहीण, लहानपणीच देवगावात वारलेली. मोनाली ओ देते.

वरच्या खोलीत विद्यापीठात शिकणारे दोघं भाड्यानं राहतात. रात्रंदिवस संगणकावर असतात. त्यांची नेटबद्दल काही तक्रार नाही.